हेमांगी ज्वेलर्सचा कडेकोट बंदोबस्त

३ नोव्हेंबर, सोमवार
व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. कुठल्यातरी गावात भरदुपारी सोन्याच्या दुकानात दोघे घुसतात, पिस्तूल दाखवतात, सव्वा मिनिटात सगळं साफ. मालक नुसता उभा. अकरा वेळा पाहिला. मालकाच्या चुका मोजल्या, नऊ निघाल्या. त्याच्या जागी मी असतो तर निकाल वेगळा लागला असता, हे कुणीही सांगेल.

बाबांनी माणिकपूरला दुकान काढलं त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. एकदाही चोरी नाही. म्हणजे आता कधीही होऊ शकते.

निश्चय: सिक्युरिटी आजपासून माझ्याकडे.

बायकोला, म्हणजे हेमांगीला, व्हिडिओ दाखवला. (लग्नानंतर बाबांनी पाटीवर नाव तिचं घातलं, निदान तिला काळजी असायला हवी.) ती म्हणाली, त्यांच्या दुकानाला तीन मजले आहेत, आपल्याला अडीच शोकेस. हा काही मुद्दा नव्हे.

आई दुपारी दुकानात स्टुलावर बसते. वय एकोणऐंशी, कान मंद. व्हिडिओ पाहून म्हणाली, "कोन येतंय लुटाया? गिऱ्हाईक येत नाय ते."

५ नोव्हेंबर, बुधवार
पिस्तुलाच्या लायसन्सची चौकशी करायला पोलीस स्टेशनात. साहेब सज्जन निघाले, खुर्ची दिली. विचारलं, धमकी वगैरे आली आहे का? म्हटलं, नाही. कुणाशी वैर? नाही. पूर्वी कधी हल्ला? नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, आधी चांगला दरवाजा बसवा, कॅमेरे चालू आहेत का बघा. अर्ज करायचा तर जरूर करा, पण पिस्तूल आणलं की पहिल्या दिवसापासून तुम्हाला त्याचीच राखण करत बसावं लागेल.

थोडक्यात, तत्त्वतः मंजूर.

येताना जरा वाईट वाटलं. एक्केचाळीस वर्षं धंदा करून साधी एक धमकी नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
विरारला एअर पिस्तूलचा ट्रायल क्लास. लायसन्स हातात येईपर्यंत हात तयार हवा.

कोच पंचविशीचा. मला काका म्हणतो. दहा छर्रे मारले, माझ्या कागदावर एकही भोक नाही. शेजारच्या लेनमध्ये सातवीतली मुलगी. तिने दहा मारले आणि तिच्या कागदावर बारा भोकं. कोच म्हणाला, काका, दोन सापडले, आठ शोधतो. माझ्या दोनांपैकी एक चक्क नऊ गुणांचा होता. मुलीने तो स्वतःचा म्हणून लावून घेतला. मी बोललो नाही. लहान आहे.

निष्कर्ष: नेम आहे. दिशेवर काम करायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार
क्लासला गेलो नाही. खांदा.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आज दुकान बदललं. काचेच्या दाराला इलेक्ट्रिक लॉक. बाहेर बेल, बेलवर कॅमेरा, आत आणखी एक. मी चेहरा बघणार, समाधान झालं तर काउंटरखालचं बटण दाबणार. दोन्ही कॅमेऱ्यांत आवाजही रेकॉर्ड होतो. वर सायरन. खिशात मिरचीचा स्प्रे, लायसन्स येईपर्यंतची सोय. दारावर पाटी: 'हेल्मेट, मास्क, स्कार्फ, गॉगल काढून कॅमेऱ्याकडे पाहावे. हुकुमावरून.'

'हुकुमावरून' कशाला, कुणाच्या हुकुमावरून, हे हेमांगीचं.

सकाळी अकराला सायरनची टेस्ट. शेजारच्या बेकरीतून वॉल्टर पावाचा ट्रे हातात घेऊनच धावत आला. टेस्टिंग आहे म्हटल्यावर त्याने विचारलं, "रोज करणार?" म्हटलं, रोज. अकरा वाजता. तो म्हणाला, बरं, मग मी घड्याळ लावतो त्यावर.

२२ नोव्हेंबर, शनिवार
आतापर्यंतचा अहवाल. दारापाशी बारा माणसं आली. पाच आत आली. सात परत गेली. म्हणजे सात संशयित टळले.

एक बाई मंगळसूत्राची तुटलेली कडी जोडायला आल्या होत्या. स्कार्फ काढला, केस विस्कटले, ते नीट करायला आरसा नाही म्हणून चिडल्या आणि गेल्या. कडीचं निमित्त असावं.

दुपारी एक तांत्रिक अडचण. रिक्षात विसरलेली छत्री घ्यायला बाहेर पडलो आणि दार मागे लागलं. आत फक्त आई. बेल तिला ऐकू येत नाही. वीस मिनिटं काच बडवली. शेवटी तिने वर पाहिलं, शांतपणे उठली, दाराशी आली आणि बोट दाखवून म्हणाली, "गॉगल काढ." मग परत जाऊन बसली. बटण कुठं आहे ते तिला माहीत नव्हतं. हेमांगी आली तेव्हा आत गेलो.

आईला बटण दाखवून ठेवलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
कोडवर्ड ठरवला. धोका दिसला तर हेमांगीने सहज आवाजात म्हणायचं, "मीरा मावशी आल्या." चोराला कळणार नाही, मला कळेल. हेमांगीने विचारलं, आणि मीरा मावशी खरंच आल्या तर? म्हटलं, त्या विरारहून दोन वर्षांत आलेल्या नाहीत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मीरा मावशी आल्या.

मी काउंटरखाली होतो, हातात बॅट. प्रतिक्रिया तीन सेकंदांच्या आत, हे नोंदवून ठेवतो. मावशी भाचीच्या बारशाचे वाळे बघायला आल्या होत्या. चहा न घेता गेल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
लायसन्सचा अर्ज भरला. फक्त फोटो चिकटवायचा राहिला. फोटोत चेहरा कडक हवा. स्टुडिओवाला हसा म्हणतो. दुसरा स्टुडिओ बघणे.

२ डिसेंबर, मंगळवार
डोळे उघडत नाहीत. उद्या लिहीन.

३ डिसेंबर, बुधवार
कालच्या घटनेचा अहवाल.

दुपारी १.१०. हेमांगी बँकेत. दारात एक व्यक्ती. चेहरा स्कार्फने घट्ट बांधलेला. डोळ्यांवर भलामोठा काळा गॉगल. हातात पिशवी. पाटी वाचूनही व्यक्तीने काही काढलं नाही. मी बटण दाबलं नाही. आईने दाबलं.

व्यक्ती आत आली. हात पिशवीत घातला. मी "हाथ ऊपर!" असा इशारा दिला. (हिंदीत, कारण चोर कुठलाही असू शकतो.) हात वर न करता व्यक्ती तो पिशवीतून बाहेर काढू लागताच मी सायरन दाबला आणि स्प्रे मारला. दुर्दैवाने एसीचा झोत माझ्याकडे होता. बराचसा स्प्रे मलाच बसला. गोंधळात व्यक्ती मागे सरकली, आईच्या स्टुलाला अडखळली आणि पडली.

व्यक्ती म्हणजे भुईगावच्या कार्मिन आंटी. वय बाहत्तर. बाबांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक.

दाढ काढली होती म्हणून स्कार्फ. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून गॉगल. हे सगळं मला त्या वेळी कळायला काही मार्ग नव्हता.

सायरन पस्तीस मिनिटं वाजला. बंद करायचा कोड मला दिसत नव्हता. कुणीही आलं नाही. वॉल्टर नंतर म्हणाला, त्याला वाटलं आज टेस्ट उशिरा आहे. आईने आम्हा दोघांचे हात धरून आम्हाला बेकरीत नेलं. वॉल्टरने माझ्या डोक्यावर पाण्याचा पाइप धरला आणि आंटींना गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं.

एकंदरीत, यंत्रणेने काम केलं. ओळख पटवण्यात थोडी सुधारणा हवी.

४ डिसेंबर, गुरुवार
आंटींचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ऑपरेशन झालेला डोळा वाचला, गॉगलमुळे. डॉक्टर म्हणाले, गॉगल काढलेला असता तर सांगता आलं नसतं.

पाटीवर लिहिलंय, गॉगल काढून.

हेमांगीने जेवणाआधी लॅपटॉप समोर ठेवला आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. आंटी दाराबाहेर उभ्या. काचेतून मला हात करतायत. एकदा, दोनदा. मग आत येतात आणि म्हणतात, "अरे रामनाथ, मी कार्मिन." स्वच्छ ऐकू येतं. त्याच्यानंतर माझं हाथ ऊपर.

हातात रुमाल होता. रुमालात अंकलची अंगठी. अंकल जाऊन चार वर्षं झाली. ती वितळवून नातीच्या, इझाबेलच्या लग्नाची अंगठी करायची होती. आईला ती नंतर शोकेसखाली सापडली. वॉल्टरबरोबर पाठवून दिली.

हेमांगीने रेकॉर्डिंग दोनदाच लावलं. मी बंद कर म्हटलं.

६ डिसेंबर, शनिवार
आंटींचा मुलगा फ्लॉईड तक्रार करणार होता. आंटींनी करू दिली नाही. वॉल्टरकडून कळलं.

हेमांगीने पाटी काढली. लॉकची वायरही. मी हरकत घेतली नाही. सायरन राहू दे म्हटलं तर तिने फक्त पाहिलं. सायरनही काढला.

हेमांगी म्हणते, जाऊन भेट. जाणार आहेच. आंटींना आधी आराम पडू दे.

११ डिसेंबर, गुरुवार
भुईगावकडचं एकही गिऱ्हाईक नाही. नाताळच्या तयारीत असतील.

१४ डिसेंबर, रविवार
नाताळच्या तयारीसाठीच तर दागिने लागतात, असं हेमांगी म्हणाली. नाताळनंतर लग्नं आहेत. दरवर्षी या दिवसांत आम्हाला जेवायला वेळ नसतो. आज दुपारी मी, हेमांगी आणि आई तिघं एकत्र जेवलो. गरम.

वॉल्टरने सांगितलं की मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात माझाच विषय असतो. नाव पडलंय, स्प्रेवाला. वॉल्टर म्हणाला, वाईट वाटून घेऊ नको, प्रेमाने नाही म्हणत.

आंटींना फोन करणार होतो. पण मनगट मोडलेल्या माणसाने फोन कसा धरायचा? म्हणून केला नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार
आज जाणार होतो. खांदा.

हेमांगी म्हणाली, तुझा खांदा आणि त्यांचं मनगट शेजारी ठेवून बघ एकदा. आई म्हणाली, "भीती वाटतंय तर तसं बोल ना. खांद्याला कशाला लावतंस?"

आईचे कान मंद आहेत, असं मीच सगळ्यांना सांगत आलो.

२१ डिसेंबर, रविवार
सकाळी भुईगाव. एकटाच गेलो. वॉल्टरकडून प्लम केक घेतला. रस्त्यात भाषण तयार केलं, चार मुद्दे. खेद, परिस्थिती, हेतू, पुढची काळजी.

फाटकापाशी फ्लॉईड. पन्नाशीचा, माझ्यापेक्षा वीतभर उंच. हेल्मेट काढायला सांगितलं. काढलं. पिशवी दाखवा म्हणाला. दाखवली. केक, आणि केकखाली स्प्रे. शपथेवर सांगतो, पिशवी तीच रोजची, लक्षात नव्हतं. फ्लॉईडने स्प्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्प्रे उचलून कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि आत हाक मारली. आतून आंटींचा आवाज आला, "येऊ दे त्याला. ऊन लागतंय बाहेर."

आंटी ओटीवर खुर्चीत. हात गळ्यात बांधलेला. गॉगल नव्हता, दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होत्या. मी भाषण सुरू केलं. "खेद" एवढा शब्द निघाला. बस म्हणाल्या. बसलो.

म्हणाल्या, "मी माझं नाव सांगितलं होतं रे."

म्हटलं, हो.

"ऐकलं नव्हतंस का?"

इथे मुद्दा क्रमांक दोन होता. सायरन, एसी, गडबड. पाठ केलेला. पण त्या इतक्या सरळ विचारत होत्या, जणू मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी खरं मानलं असतं.

म्हटलं, "ऐकलं होतं. घाबरलो होतो."

"मला?"

"त्या वेळी कुणालाही."

आंटी हसायला लागल्या. हसल्यावर मनगट दुखलं, मग दुखतंय म्हणून फ्लॉईड माझ्यावर डाफरला, मग त्या त्याच्यावर डाफरल्या. इझाबेलने चहा आणला. माझा कप तिने जरा लांबच ठेवला.

मग आंटी म्हणाल्या, इझाबेल, त्याला अंगठी दाखव.

अंगठी तयार होती. अंकलच्या सोन्याची. दुसऱ्याकडे केलेली. कुणाकडे ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आंटी म्हणाल्या, "करायला दिली खरी, पण माझ्या डोळ्यांना अजून बारीक दिसत नाही. तुझ्या बापाकडून माल घेतला की आम्हाला कधी बघावं लागलं नाही. तू बघून सांग."

उजेडात नेऊन पाहिली. भिंग नव्हतं, गरज पडली नाही. जोड दिसत नव्हता. आतली बाजू, जी कुणी बघत नाही, तीही घासून गुळगुळीत. बाबा असंच करायचे. मी गेली काही वर्षं आतली बाजू तेवढी घासत नाही.

फ्लॉईड माझ्या तोंडाकडे बघत होता.

"चांगली आहे," म्हटलं. "फार चांगली केलीय."

आंटी इझाबेलला म्हणाल्या, बघ, रामनाथने सांगितलं म्हणजे झालं. आता निर्धास्त घाल.

निघताना फ्लॉईडने फाटक उघडलं. स्प्रे भिंतीवरच राहिला. मागायची हिंमत झाली नाही, आणि मागून करायचं काय. माणिकपूर येईपर्यंत त्या अंगठीत खोट शोधत होतो. एकही सापडली नाही.

घरी हेमांगी दारातच. तिने विचारलं, माफ केलं का? म्हटलं, केलं असावं. मग तिने विचारलं, आणि ऑर्डर?

म्हटलं, चहा दिला.