शेळीनं खाल्लेली भाजी

एंडांगताईंना सालातिगाहून सलाम.

रातिह गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, "बायकोच्या मागे दोन पोरी सांभाळणं तुला जमायचं नाही. काय खातात, कशा राहतात, रोज लिहून ठेव. ईदला येऊन वाचीन, मग त्यांना सुराबायाला न्यायचं का ते ठरवू."

मी वही आणली. खरं सांगतो, पहिले दोन महिने तुम्हाला आवडेल तेच लिहिलं.

एका संध्याकाळी लारास शेजारी येऊन बसली. "बाबा, काय लिहिलंस?"

"लारासनं पालेभाजी संपवली."

"मी नाही, शेजारच्या शेळीनं संपवली. मी खिडकीतून दिली तिला. तसं लिही."

"मावशी रागावेल."

"मग तिला शेळीवर रागावू दे," धाकटी किनान म्हणाली.

मी तसंच लिहिलं. तेव्हापासून वही खरी झाली. किनान भाताच्या मुदीला नाव देते आणि मग ती खायला तयार होत नाही, हे त्यात आहे. दोघींना ताप आला आणि मी घाबरलो, तेही आहे. हल्ली सुतारकाम आटोपलं की आज काय लिहायला मिळेल, या ओढीनंच मी घरी येतो.

ताई, ही वही आता तुमच्यासाठी नाही. मुली माझ्याजवळच राहतील. हे पत्र मी टाकणार नाही, तुम्ही आलात की समोर बसून सांगेन. वही मागितलीत तर देईन, पण आधी दोन दिवस पोरींशी खेळा.

तुमच्या बहिणीचा नवरा,
सुत्रिस्नो