अठरावं मर्म

गोखिवरे,
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांना फोन झेपत नाही म्हणून लिहिते. तसं माझं या घरात तरी कोण ऐकतंय?

आर्याने ॲलिस्टरशी लग्न केलं त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून हे लेकीशी बोललेले नाहीत, रोज श्रीयंत्र काढतायत. नऊ त्रिकोण, अठरा मर्मं. प्रत्येक मर्मात तीन रेघा एकाच टिंबात मिळायला हव्यात. सगळी मिळाली तर देवीचा कौल, मगच पोरीला फोन, असं यांनी आपलं आपणच ठरवलंय. सतरा मिळतात, अठरावं हुकतं. मग कागद फाडायचा, आंघोळ करायची, पुन्हा पहिल्यापासून. अठरातल्या एक नि आठची बेरीज नऊ, आर्याचा जन्म नऊ तारखेचा, म्हणून तिथे सूट नाही म्हणतात.

पुढच्या महिन्यात ती बाळंत होईल. तिचं घर माणिकपूरला, रिक्षाने वीस मिनिटं, तरी मी चोरून जाते. थकले रे मी.

तुझी,
जयू

अर्नाळा,
१८ जानेवारी २०२५

चि. जयूस,
अनेक आशीर्वाद.

तुला चित्रकलेच्या मास्तरांना दिली तेव्हाच आई म्हणाली होती, हा जावई पोळी गोल आहे का ते बघून जेवेल. भोग आता.

तीस वर्षं मी गोदीत नकाशे काढले. तीन रेघा एका टिंबात कधीच मिळत नाहीत, केसभर फट राहतेच. साहेब यायच्या आत आम्ही तिथे मऊ पेन्सिल दाबून फिरवायचो. त्यापायी एकही जहाज बुडालं नाही. सोबत तसली एक पाठवतोय, भावजींच्या डब्यात ठेव. पाप लागलं तर माझ्या माथी.

तब्येतीला जप.

दादा

गोखिवरे,
२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेन्सिल ठेवली. हातात घेताच यांना कळलं. माझ्याकडे बघितलं, मी डाळ निवडत राहिले. सतरा मर्मं आपल्या पेन्सिलीने केली, अठराव्याला तुझी घेतली आणि दाबून ओढली. मग फोन मागितला.

आर्याला म्हणाले, रेघ मिळाली नाही, मी मिळवली. बापाची एवढी लबाडी चालेल का? ती काय म्हणाली ते मला सांगितलं नाही. पायात चपला अडकवून रिक्षा शोधायला गेले.

तुला वाटेल, जयू रडली असेल. नाही रे. दार लावलं आणि भर दुपारी गाढ झोपले.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
जयू