द चेंज इज ग्रँड

३ मार्च, कॉर्क, आयर्लंड
कँटीनच्या भिंतीसाठी कंपनीचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात. फ्रान्समधल्या गावातलं एक औषधांचं दुकान, मागच्या खोलीत खोकल्याचं औषध. पहिल्या मालकांच्या वहीचा फोटो आलाय. साखर चिमूटभर बदलली तरी नोंद. मग गोळ्या, कारखाना, मग समुद्र ओलांडून आम्ही. आता इंजेक्शनची नवी लाइन, इथे की तिकडेच, याच महिन्यात ठरेल. इथे आली तर तिची क्वालिटी माझ्याकडे. येणारच. सात वर्षं काय झोपा काढल्यात?

५ मार्च
हेड ऑफिसच्या मादामनी विचारलेलं, फिल्टर बदललात, कसा आहे बदल? घाईत एक ओळ: “द चेंज इज ग्रँड.” पाठवून चहा.

६ मार्च
मादामचा मेल, तीन साहेब कॉपीत. एवढा मोठा बदल आधी का कळवला नाही? नव्या लाइनची चर्चा तूर्त बंद.
मोठा कोण म्हणालं?
डेक्लनला दाखवलं, आमचा लाइन सुपरवायझर. दोनदा वाचून म्हणाला, “बट इट इज ग्रँड.” मग त्याचाच चेहरा पडला. इथे ग्रँड म्हणजे ठीकठाक, चालतंय. फ्रेंचमध्ये मोठा. स्पेलिंग तेच.
पुण्यात असते तर गुपचूप ‘ओके’ लिहिलं असतं. इथल्यासारखं बोलायची हौस. घ्या आता.

७ मार्च
माफीचे चार मसुदे, सगळे रडके. लाज वाटली, खरंच. इरा टोस्ट खाता खाता, “आई, जस्ट रिंग हर.” बारा वर्षांची कार्टी, पण बरोबर बोलली.
फोन केला. सरळ सांगितलं, शब्द माझा चुकला, फिल्टर नाही. माप तेच, चाचण्या पास, कागद पाठवतेय. तुमच्या पहिल्या मालकांसारखी चिमटीचीसुद्धा नोंद आहे आमच्याकडे.
मादामनी एवढंच विचारलं, “ती वही वाचलीत तुम्ही?”
वाचली म्हटलं.

१० मार्च
इतिहास भिंतीवर लागला. शेवटची चौकट मी रिकामी ठेवायला लावली, नव्या लाइनच्या फोटोसाठी. डेक्लन म्हणतो, घाई होतेय. होऊ दे.
चार वाजता मादामचा मेल. कागद वाचले. लाइनचा निर्णय गुरुवारी. खाली एक ओळ: “द चेंज इज ग्रँड.”
हे ग्रँड त्यांचं की आमचं? डेक्लनने डोकं खाजवलं. चौकट काढू का म्हणाला.
हात लावू नकोस म्हटलं.