आधी सुई, मग ताप

प्रिय गुंड्या,

लेकीचा फोटो पाहिला. कपाळ थेट बाबांचं घेऊन आलीये पोर. छापखान्यामागच्या आपल्या दोन खोल्या आठवल्या. दिवसभर यंत्राची धडधड, शाईचा वास आणि अक्षरांचे खिळे जुळवून काळी पडलेली बाबांची बोटं. मी नऊची, तू चारचा, शेपटासारखा माझ्यामागे.

आई मला लस द्यायला दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हाही तू आलासच. मला टोचताना टक लावून बघत होतास. घाबरणं दूरच, आपल्यालाही हवं म्हणून दंड पुढे केलास. नर्सबाई हसल्या होत्या.

त्याच संध्याकाळी मला ताप भरला, घसा सुजला. पाच दिवस तू उशाशी बसून ओल्या पट्ट्यांच्या वाकड्यातिकड्या घड्या घालत होतास. डॉक्टर म्हणाले, घशाचा संसर्ग आहे, लशीचा संबंध नाही. पण आईने आधी सुई पाहिली होती, मग ताप. येईल त्याला ती तेच सांगत राहिली, आणि तू ऐकत राहिलास. एकदा माझ्या दंडाकडे बघत कुजबुजलास, “ताई, त्यांनी तुझ्यात काय घातलं?”

मी दंड पांघरुणाखाली ओढून घेतला. लशीच्या दोनच दिवस आधी, आईने बजावलेलं असताना, मी शेजारच्या आजारी मैत्रिणीकडे जाऊन तिच्या पेल्यातलं सरबत उष्टं प्यायले होते. दवाखान्यात निघतानाच घसा खवखवत होता. नर्सबाईंनी विचारलं तर बरं आहे म्हणाले. खरं सांगितलं असतं तर मार मला बसला असता; सुईला कोण मारणार? पुढे तुला कुत्रा चावला, तेव्हा सुई नको म्हणून लपलास आणि बाबांनी तुला कपाटामागून ओढून काढलं. ती गोष्ट घरात वर्षानुवर्षं हसत सांगितली गेली. मीही हसले रे.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. लशीसाठी नंबर आल्यावर तू लेकीला उचलून दवाखान्याबाहेर पडलास, म्हणाली. चिडलेली नाही ती, धास्तावलीये. म्हणून हे लिहिलं. ही भीती तू माझ्या उशाशी बसून शिकलास, आणि मी ती शिकू दिली. महिनाभर बोलू नकोस माझ्याशी, चालेल. लेकीला टोचल्यावर थोडा ताप येईलही, उतरेल. मंगळवारी सकाळच्या गाडीने येतेय. तुझ्याने आत थांबवलं नाही तर बाहेर बाकावर बस. तिला मांडीवर मी घेईन.

तुझीच,
ताई