कोणी राहत नसलेल्या घराला आलेली नोटीस

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
गायरान घरे नियमानुकूल कक्ष.

विषय : गायरानावरील राहते घर माझ्या नावे करणेबाबत, ते जमत नसल्यास, तिथे राहत नसलेल्या माणसांनी ते रिकामे कसे करावे याचे मार्गदर्शन मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा पाहणी अहवाल व आपल्याच कार्यालयाची नोटीस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी मेंढपाळ असून आळेफाट्याजवळ बिरोबाच्या माळावर वडिलांनी बांधलेल्या घरात राहतो. असे घर नियमाने नावावर होते, हे कळल्यावर मी रीतसर अर्ज केला होता.

त्यावर आपले पाहणी कर्मचारी आले. त्या वेळी मी व पत्नी राजुरीला एका बागायतदाराच्या वावरात मेंढरे बसवायला गेलो होतो. मेंढरे घरात बसवून वावराला खत मिळत नाही, हे आपण जाणताच. घरी माझी आई गोजरबाई होती. तिने साहेबांना घोंगडी अंथरली, शेजारून साखर आणून चहा केला. चहा पिऊन साहेबांनी अहवालात लिहिले, 'सदर घरात कोणीही राहत नाही.' चहा कोणी केला, याचा खुलासा अहवालात नाही.

याच गायरानावरचे शेजारचे हॉटेल मात्र 'राहते घर' म्हणून मंजूर झाले. तिथे बाजा आढळल्या म्हणे. त्या बाजांवर ट्रकवाले झोपतात. मालक ओझरच्या बंगल्यात झोपतात. त्यांची झोप आपल्या कार्यालयाला इतक्या लांबून दिसते, याचे कौतुक वाटते.

आता नोटीस आली आहे की, मी सदर घरात बेकायदा राहत असून ते सोमवारपर्यंत रिकामे करावे, अन्यथा जेसीबीने पाडण्यात येईल. म्हणजे घर द्यायचे तर मी तिथे राहत नाही आणि पाडायचे तर राहतो. कोणत्या टेबलापुढे असावे व कोणत्या टेबलापुढे नसावे, ते एकदा लेखी कळवावे. तसे वागू.

आता चेष्टा सोडून लिहितो. मला भीती वाटते आहे. नोटीस वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "उभा जन्म मेंढरामागं उघड्यावर काढला. आता कुठं दार लावून निजाया मिळतंय. मी न्हाई उठायची." ती बोलते तसेच करते.

तरी सोमवारपूर्वी आपण स्वतः येऊन फेरपाहणी करावी व घर नावावर करावे, ही विनंती.

आपला नम्र अतिक्रमणधारक,
जानकू चिमाजी बिचकुले
दि. ९ जानेवारी २०२६

सोबत : पाहणी अहवाल व नोटीस यांच्या प्रती.
आई सोबत जोडता आली नाही. ती घरात आहे.