दोन दिवसांचं शिळं पाणी

३ मार्च
पोचले एकदाची! इथं शहरातून आठवड्याला एकच बोट येते. तळ्याकाठचं हे गेस्ट हाऊस फोटोतल्यापेक्षाही देखणं आहे. अठरा खोल्या, पायऱ्या थेट पाण्यात. दादानं शेवटचं पत्र इथूनच धाडलं होतं, की आठ दिवस नुसता डुंबतोय. घरी आल्यावर चार महिन्यांत त्याचे पाय गेले, मग तोही गेला. डॉक्टर म्हणाले, तळ्यातल्या गोगलगायींतून येणारे किडे. इथं मी खोटं आडनाव सांगून खोल्यांच्या देखरेखीचं काम मिळवलंय. मालक गोडबोल्या आहे, ‘ताई, ताई’ करतो.

९ मार्च
मालक पाहुण्यांना आग्रह करकरून पाण्यात उतरवतो. स्वतः बोटही बुडवत नाही. त्याच्या अंघोळीला तळ्याचंच पाणी, पण टाकीत दोन दिवस झाकून ठेवलेलं. हे शिळं पाणी कशाला, असं धोबीणमावशीला विचारलं. म्हणाली, दोन दिवसांत किडे मरतात. आधी धोक्याची पाटी होती म्हणे, धंदा बसायला लागला तशी मालकानं उपटून टाकली.
म्हणजे मेल्याला सगळं ठाऊक होतं!

१० मार्च
आजपासून त्याच्या बादल्या मी भरते, थेट तळ्यातून. गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, पण मी काही पोहत नाही. मालक म्हणाला, आज पाणी कसं ताजं वाटतंय. मी म्हटलं, वाटणारच.

१४ मार्च
त्याच्या पाठीवर पुरळ उठलंय. खाजवून खाजवून बेजार झालाय. माझ्याही पोटऱ्यांना खाज सुटलीय. डास असतील.

१८ एप्रिल
मालकाला ताप. काय ते त्यानं ओळखलं, शहरातून गोळ्या मागवल्या. त्या मी संडासात ओतल्या आणि बाटलीत पित्ताच्या भरल्या. माझ्या दादाला कुणी दिल्या होत्या गोळ्या?

२ जून
त्याला कमरेखाली काही कळत नाही. घंटा वाजवत राहतो, मी सावकाश जाते. हंगाम संपला, पाहुणे नाहीत, मावशी गावी गेलीय. आज त्याला सांगितलं, मी कुणाची बहीण ते. खूप रडला. मग माझ्या पोटऱ्यांकडे बघत राहिला. त्यानं विचारलं, ते पाणी भरायला तळ्यात उतरत कोण होतं.
आणि हसला.

५ जून
ताप. कंबर भरून आलीय. शहराची बोट थेट सोमवारी. गोळ्या — मीच तर —

६ जून
घंटा वाजतेय. थांबतच नाही. त्याला कळलंय. उठून एकदा ती घंटा बंद करायचीय, पण पाय —