मथुरेच्या नावाखालची खूण

सोमवार, ६ जानेवारी २०२५

वेष्टनावर इंग्रजीत स्वच्छ छापलेले आहे — एकदाच वापरण्यासाठी. आणि तंत्रज्ञ दर्शन मला सांगतो, "काका, हा आपण धुऊन पुन्हा लावतो." आपण! या 'आपण'मध्ये मला कोणी घेतले?

वस्तू अशी : दीड वीत लांबीचे पारदर्शक नळकांडे, आत केसांसारख्या पोकळ तंतूंची जुडी. मथुरेचे रक्त यातून गाळले जाऊन तिला परत मिळते. तिची मूत्रपिंडे जे काम करेनाशी झाली, ते आता हे करते. डायलायझर म्हणतात. कोल्हापूरला प्रत्येक खेपेस नवा लावीत. परंतु आंबा घाट चढता-उतरता ती अर्धी होऊन जाई, म्हणून या महिन्यापासून येथील धर्मादाय रुग्णालयात तिचे नाव घातले. दर सोमवार आणि गुरुवार. येथे मात्र प्रत्येक रुग्णाचा डायलायझर धुतात, जंतुनाशकाने भरून फडताळात ठेवतात आणि पुढील खेपेस त्याचा त्यालाच लावतात. 'त्याचा त्यालाच' — असे ते म्हणतात.

मथुरेला विचारले, भीती नाही वाटत? म्हणाली, "माझंच रक्त, माझीच नळी. भीती कसली?"

तुझीच, याला पुरावा काय?

यावर तिने कूस बदलली.

गुरुवार, ९ जानेवारी

विभागप्रमुख डॉ. अक्षया यांना भेटलो. वयाने आमच्या नातीएवढ्या. परंतु बोलणे नेमके. मला मागील अंगणात नेऊन पिवळ्या पिशव्यांचा ढीग दाखवला. "काका, हा एवढासा ढीग दिसतोय, तो धुऊन वापरतो म्हणून. सगळं एकदाच वापरून टाकलं तर याच्या कितीतरी पट प्लास्टिक जाळावं लागेल. त्याचा धूर जाणार कुठं? आपल्याच नाकात!" प्रत्येक धुण्यानंतर तपासणी होते, तंतू बुजले असतील तर डायलायझर बाद. काविळीसारखा संसर्ग असलेल्या रुग्णाचा कधीच धूत नाहीत. नावाची चिठ्ठी प्रत्येकावर असते.

उद्देशाविषयी माझे दुमत नाही. नियमही चांगले. परंतु सारी नोकरी मी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून केली. चांगल्या नियमांच्या आडोशाने काय काय चालते, त्याची दप्तरे या हातांनी बांधली आहेत.

दारावरील सूचनेत 'चपला बाहेर काढावे' असे होते. 'काढाव्यात' असे सुधारून दिले. दर्शन म्हणाला, "बरं झालं काका, आता चपलापण ऐकतील." उद्धट आहे. चलाखही आहे. माणसात दोन्ही एकत्र असणे बरे नव्हे.

शेजारच्या खाटेवर मिऱ्या गावचा भिवा तांडेल असतो. होडी आता मुलगा नेतो. हा येथे पडून साऱ्या कक्षाला वल्हवतो. माझे प्रश्न ऐकून ओरडला, "शिरस्तेदारानू, नळी म्हंजे काय गणपती हाय, दर वर्षाला नवा आणायला?"

सारे हसले. मथुराही हसली! तिने तरी हसायला नको होते.

रविवार, १२ जानेवारी

दोन दिवस विचार करतो आहे. फडताळातील सर्व डायलायझर जुळ्या भावंडांसारखे. कोणता कोणाचा, हे सांगणारी काय ती कागदाची चिठ्ठी. कागद सोलायला कितीसा वेळ लागतो? एखाद्याचा बाद झाला, तपासणी करायचा कंटाळा आला, की दुसऱ्याचा घेऊन वर चिठ्ठी डकवली — झाली मथुरेची नळी! मी हे घडते असे म्हणत नाही. न घडण्याची खात्री नाही, एवढेच म्हणतो.

खूण हवी. शाई त्यांच्या औषधी पाण्यात टिकणार नाही. मग आठवले. एका खटल्यात मुद्देमालातील सदरा कोणाचा, हे परिटाच्या खुणेवरून ठरले होते. भट्टीत उकळून, दगडावर आपटूनही ती गेली नव्हती. बिब्ब्याची खूण!

मथुरेच्या औषधांच्या डब्यात बिब्बे आहेत. पूर्वी टाचेच्या भेगांवर चटका द्यायची.

सोमवार, १३ जानेवारी

केली.

घरून निघण्यापूर्वी बिब्बा दिव्यावर तापवला, सुई टोचून तेल घेतले आणि ती सुई पानात गुंडाळून खिशात ठेवली. बोटांना आधी खोबरेल चोळले — आईची शिस्त. नाहीतर बिब्बा उततो, कातडीवर फोड उठतात. रक्त फिरू लागल्यावर दर्शन चहाला गेला. मथुरा डोळे मिटून होती. चिठ्ठीवर, तिच्या नावातील 'थु'च्या बरोबर खाली, मोहरीएवढा ठिपका दिला. कागदाने पिऊन घेतला. काळाभोर!

भिवा जागा होता काय? तोंड भिंतीकडे होते. बहुधा नसावा.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. मथुरेला तिळगूळ वर्ज्य. तरी दर्शनसाठी तिने पुडी बांधून ठेवली आहे. गुरुवारपर्यंत कोणाशीही गोड बोलण्याचे आश्वासन मी देऊ शकत नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

ठिपका नाही!

यंत्र सुरू होण्यापूर्वीच वाकून पाहिले. चिठ्ठी कोरी करकरीत. नाव तेच, अक्षर दर्शनचे, खाली काहीही नाही. मी तेथेच उभा राहून विचारले, "हा डायलायझर कोणाचा?"

"काकूंचा."

"खोटे आहे. हिच्या डायलायझरवर मी खूण केली होती."

दर्शन आधी हसला, मग हसू मावळले. "काका, लेबलवर डाग पडला होता. रक्ताचा असेल असं वाटलं मला. डाग दिसला की लेबल बदलायचं, हे ठरलेलंच आहे. सोलून नवीन लावलं."

किती सोयीस्कर! अचूक तोच कागद बदलला, ज्यावर पुरावा होता. मी आवाज चढवला. काय बोललो ते सगळे येथे लिहीत नाही. 'लबाड' हा शब्द होता. डॉ. अक्षया आल्या. नवा डायलायझर लावल्याशिवाय सुई टोचू देणार नाही, असे मी सांगितले. त्यांनी नवा काढून दिला. मला एका शब्दाने दुखावले नाही. हेही संशयास्पदच.

आणखी एक नोंद. सगळा वेळ दर्शन मनगटे खाजवीत होता. साक्षीदार खोटे बोलू लागला की त्याचे हात स्वस्थ राहत नाहीत. हे मी पिंजऱ्यात शेकडो वेळा पाहिले आहे.

येताना रिक्षात मथुरा म्हणाली, "पोराला सगळ्यांसमोर बोललात." तिळगुळाची पुडी तिच्या पिशवीत तशीच राहिली होती.

सोमवार, २० जानेवारी

दर्शन आला नाही. रजेवर, असे कळले. पळाला, असे मनात म्हटले.

मग भिवाने सांगितले. "हात फुगलंत त्याचं. कोपरापर्यंत फोड. डोला चोललान् तर डोलापण बंद. त्या धुवायच्या आशिडानं भाजलं म्हनतायत."

डॉ. अक्षयांनी सर्वांना एकत्र करून सांगितले : जंतुनाशकाच्या या साठ्यात काही दोष असावा, अशी शंका आहे. तपासणी होईपर्यंत धुणे बंद. फडताळातील सर्व डायलायझर बाद. नव्यांचा साठा थोडा. आणखी मागवले आहेत. तोपर्यंत प्रत्येकाला आठवड्यातून एकच पाळी — सोमवारची सोमवारी, गुरुवार बंद.

भिवाने माझ्याकडे पाहून हात जोडले. "घ्या शिरस्तेदारानू, बसवा आता नवा गणपती!"

मला हसू आले नाही. फोड. कोपरापर्यंत. चिठ्ठी सोलणे...

नाही. आम्लानेच असणार. ते आम्लच आहे.

बुधवार, २२ जानेवारी

भाट्याला गेलो. दर्शनचे घर माडांच्या आत आहे. त्याची आई बकुळा अंगणात होती. मला ओळखत नव्हती. रुग्णालयातून आलो म्हटल्यावर खुर्ची दिली.

"बघा हो हात पोराचं! डाक्टरीण वरडली, हातमोजे घातले नसशील म्हणून. आता चौकशी करणार. कामावर ठेवतायत की नाय, देव जाणे."

दर्शन उठून बसला. "आई, तू गप ग. मोजे घालतोच मी. लेबल लावताना फक्त काढतो, लेबल मोज्यालाच चिकटून बसतं." मग मला म्हणाला, "काका, आज कसली खूण करायला आलात?" एका डोळ्याने हसत होता. दुसरा उघडत नव्हता.

मी फोड पाहिले. कडा काळपट, मधे पाणी, बोटे फिरतील तशा ओळी. लहानपणी आमच्या गड्याचा हात असाच झालेला पाहिला होता. बिब्बा उतलेला!

शहाळे दिले. प्यायलो. उठून आलो.

गुरुवार, २३ जानेवारी

पाळी नाही. मथुरेचे पाय सुजले आहेत. बोट दाबले की खळगा तसाच राहतो. आडवे झाले की दम लागतो, म्हणून भिंतीला टेकून बसली आहे. पाणी मोजून देतो. पुन्हा मागते.

मी उद्या जाऊन डॉ. अक्षयांना सांगू शकतो. जंतुनाशक निर्दोष आहे, धुणे सुरू करा, असे त्या लगेच म्हणतील. परंतु पुढे? ज्या नातेवाइकाने असले पदार्थ आत आणले, त्याच्या रुग्णाला कोण ठेवून घेईल? मथुरेचे नाव कमी करतील. मग पुन्हा कोल्हापूर, पुन्हा घाट. या अवस्थेत ती घाट चढू शकणार नाही.

हे कारण खरे आहे. एकमेव आहे काय, हे विचारायला येथे न्यायाधीश नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

गेलो नाही.

शनिवार, २५ जानेवारी

मथुरेने डबा मांडीवर घेतला होता. "अहो, बिब्बा एक कमी दिसतो."

"मला काय ठाऊक?"

"पानातली सुईपण गेली असेल मग त्याच्याबरोबर."

मी वर्तमानपत्र चाळीत राहिलो. पान! पानाविषयी तिला कोणी सांगितले? म्हणजे त्या दिवशी डोळे मिटलेले नव्हते. की भिवाने सांगितले? दोघांचे संगनमत आहे काय? तिने डबा बंद केला. दम लागल्यामुळे तिला झाकण नीट बसवता येईना. मी बसवून दिले. ती माझ्याकडे पाहत होती. चिडलेली नव्हती. चिडली असती तर उत्तर देता आले असते.

"भिवाच्या छातीत पाणी झालंय म्हणे," एवढेच म्हणाली.

रविवार, २६ जानेवारी

उद्या सांगायचे. निवेदन मनाशी तयार केले. चार वाक्ये. प्रत्येकात कर्ता 'मी'च ठेवला आहे. 'केले गेले', 'घडले' असे कोठेही नाही.

सोमवार, २७ जानेवारी

मी तोंड उघडण्याआधीच डॉ. अक्षया म्हणाल्या, "काकूंनी सकाळीच फोन करून सगळं सांगितलं. टाचेला बिब्बा लावला होता, तोच हात लेबलला लागला म्हणे. दर्शनची चौकशी मिटली, धुणं आजपासून सुरू. पण काकू, असं पुन्हा केलंत तर मात्र नाव कमी करावं लागेल हं!" मथुरा खाटेवर धापा टाकीत, शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून ऐकून घेत होती. दारात दर्शन, हातांना पट्ट्या. भिवाही डोळे उघडून ऐकत होता.

मी म्हणालो, "डॉक्टर, माझी पत्नी खोटे बोलते आहे."

"अहो, गप बसा तुम्ही!" मथुरा ओरडली.

मी बसलो नाही. उभ्यानेच सर्व सांगितले.